गायधनींचं बिनकटकटीचं अंगण

अंगणात काम करावं लागू नये म्हणून मधुकर गायधनी यांनी अकरा वर्षं दर शुक्रवारी अंगणात काम केलं. यात काही विसंगत आहे असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला ते दर शुक्रवारी वाटायचं आणि मी बोलूनही दाखवायचे. माझ्या बोलण्याचा परिणाम शून्य. शाळेत केमिस्ट्री शिकवत असल्यामुळे मला त्याची सवय आहे.

आमचं कंपाउंड दोह्यात, अल हिलालमध्ये आहे. आठ व्हिला, एक गेट, आणि प्रत्येक व्हिलामागे अंगण या नावाने दिलेला एक तुकडा. बाकी सात तुकड्यांत एकही झाड नव्हतं. गायधनींच्या तुकड्यात एक झाड होतं. इथले लोक त्याला सिदर म्हणतात आणि त्याच्या फळांना कनार. नीताताई, म्हणजे सौ. गायधनी, व्हिला बघायला आल्या तेव्हा त्यांनी ना स्वयंपाकघर पाहिलं, ना नळ सोडून पाहिले. मागचं दार उघडलं आणि ओरडल्या, "अहो, बोर!" मधुभाऊंनी वर पाहिलंच नाही. त्यांनी खाली पाहिलं. खाली पानं पडली होती.

"कचरा फार करतं हे," ते म्हणाले. पहिल्याच दिवशी दोघांच्या बाजू ठरल्या.

मधुभाऊ नाशिकचे, इथे गॅस प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर. दिवसभर दुसऱ्याचे पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणाऱ्या या माणसाला घरी मात्र काहीही सांभाळायचं नव्हतं. "एकदाच करू, नीता, पण कायमचं करू," हे त्यांचं पालुपद. पहिल्या वर्षी त्यांनी होतं ते खरं गवत उपटून प्लॅस्टिकचं अंथरलं. पाणी नको, कापणी नको. जुलैतल्या एका दुपारी नीताताई वाळत घातलेले कपडे काढायला अनवाणी त्यावर गेल्या आणि परत आल्या त्या उड्या मारत. शिवाय बोरीचे काटे, पानं आणि बिया त्या प्लॅस्टिकच्या पात्यांत अशा रुतून बसायच्या, की झाडू हात टेकायचा. मग मधुभाऊंनी व्हॅक्यूम क्लीनर आणला. अंगणाला व्हॅक्यूम करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दोन वर्षांनी त्या गवतावर पांढरी खडी आली. खडीचा कंपाउंडमधल्या तमाम मांजरांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पुढचे कितीतरी शुक्रवार मधुभाऊ हातमोजे आणि चिमटा घेऊन उकिडवे बसलेले दिसायचे, आणि मी भिंतीवरून विचारायचे, "काय मधुभाऊ, झालं का कायमचं?" मग खडीवर फरशी आली. ती धुळीच्या वादळानंतर इतकी निसरडी व्हायची, की त्यांनी त्यावर लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या फळ्या बसवल्या. दोन फळ्यांमधली फट बरोबर एका बोराएवढी निघाली. फटीत बोरं अडकली, बोरांना मुंग्या लागल्या, मुंग्या स्वयंपाकघरात पोचल्या. भिंतीवर त्यांनी प्लॅस्टिकची हिरवी वेल चढवली होती, रंग न उडण्याच्या गॅरंटीसकट. दोन उन्हाळ्यांत ती निळी झाली. गॅरंटीवाल्याचं म्हणणं, रंग उडालेला नाही, बदललेला आहे.

ही सगळी कामं ऑक्टोबरमध्ये व्हायची. उन्हाळा ओसरला की इथे सगळे अंगणात उतरतात. कुणी पेटुनिया लावतं, कुणी मेथी पेरतं, कुणी नुसतीच खुर्ची टाकून बसतं. गायधनींकडे मात्र 'शटडाऊन' असायचं. त्यांचा प्लांट वर्षातून एकदा बंद ठेवून डागडुजी करतात, त्याला हे नाव. अंगण बंद करायचं म्हणजे नेमकं काय बंद करायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण आठवडाभर आधी कंपाउंडच्या ग्रुपवर नोटीस यायची, दाराला पिवळी पट्टी लागायची, आणि शुक्रवारी सकाळी सहा वाजता मधुभाऊ हेल्मेट आणि सेफ्टी शूज घालून, हातात कागद घेऊन उभे. तो कागद म्हणजे कामाचा परवाना. त्यावर सही घेतल्याशिवाय ते महमूदभाईंना कात्रीला हात लावू द्यायचे नाहीत.

महमूदभाई श्रीवर्धनचे. राहायचे फरीज बिन ओमरानमध्ये, एका खोलीत चौघं, आणि आमच्या भागातली पंधरा-वीस अंगणं सांभाळायचे. मार्चमध्ये छाटणी, मेमध्ये कुंड्यांवर हिरवी जाळी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही सगळे भारतात गेलो की किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून घरोघरच्या तुळशींना पाणी. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस श्रीवर्धनला लहानपणापासून माडावर सरसर चढत आलेला. त्याच्याकडून मधुभाऊ स्टुलावर चढण्यासाठी 'उंचीवरचं काम' असा वेगळा परवाना भरून घ्यायचे. महमूदभाई निमूटपणे सही करायचे आणि दर ऑक्टोबरला तेच सांगायचे, "साहेब, मी काय बोलतो, झाडाखाली माती राहू द्या. पान मातीत पडला तर कचरा नाय होत. फरशीवर पडला तर होतो."

"नोटेड, महमूदभाई," मधुभाऊ म्हणायचे, आणि पुढच्या फळीला स्क्रू मारायचे.

आता नीताताईंचं सांगते. त्यांना मूल नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी अंदाज बांधत बसायला नको. उपचार झाले, वर्षं गेली, खलास. त्यांनी त्याचं रडगाणं कधी गायलं नाही, आणि दुसरं कुणी गायला लागलं की त्या चहा टाकायला उठायच्या. पण संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत दोह्यातल्या मराठी घरांतलं जे जे बाळ असेल, ते बोरन्हाणाला त्यांच्या अंगणात यायचं. कारण साधं होतं. सुपरमार्केटात बोरं मिळतात, पण ती लिंबाएवढी. वर्षाच्या बाळाच्या डोक्यावर ती ओतली तर इस्पितळ गाठावं लागेल. गायधनींच्या झाडाची गोटीएवढी. संक्रांतीला पार हिरवी आणि रथसप्तमीला जेमतेम पिवळी, पण बाळांची त्याबद्दल तक्रार नसते.

महमूदभाई चादर धरून काठीने बोरं पाडायचे. पाटावर काळ्या झबल्यातलं, हलव्याचे दागिने घातलेलं बाळ, आणि नीताताई त्याच्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतणार. मोठी पोरं ते लुटायला तुटून पडायची. नीताताईंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असायचा. अकरा वर्षांत एकोणसाठ बाळं झाली. आकडा त्यांचाच, आणि त्या प्रत्येकाचं नावही त्यांना पाठ. मधुभाऊ मागे झाडू घेऊन उभे, पाहुणे कधी जातात याची वाट बघत. एकदा मी त्यांना घरंगळत आलेलं एक बोर उचलून खिशात टाकताना पकडलं. विचारलं तर म्हणाले, "कचरा."

गेल्या मार्चमध्ये मधुभाऊंना साठ वर्षं पूर्ण झाली. जूनअखेर नोकरी संपणार, व्हिला सोडायचा, नाशिकला जायचं. व्हिला बघून जायला मालकाचा माणूस फैसल आला. अम्मानचा हा तरुण कायम घाईत. त्या दिवशी तो मागच्या अंगणात जाऊन मात्र चांगला रेंगाळला. मीही तिथेच होते, नीताताईंकडून विरजण घ्यायला आले होते.

"मिस्टर मधु, मालक तुमच्यावर फार खूश आहेत," फैसल इंग्रजीत म्हणाला आणि त्याने फोनवर काहीतरी उघडलं. "तुमचा रिपोर्ट! बिनकटकटीच्या अंगणाचा, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच मालकांना पाठवलेला. त्यांनी आता वाचला. आठही अंगणं तशीच करायची. तुम्ही निघालात की काम सुरू."

मधुभाऊंचा चेहरा आधी फुलला आणि मग एकदम पडला. फैसल पहिली शिफारस मोठ्याने वाचत होता: झाड मुळासकट काढावे, कारण अंगणाच्या एकूण देखभालीपैकी सर्वांत जास्त देखभाल झाडामुळे होते. "एकदाच काम, मिस्टर मधु. खलास!"

नीताताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, फैसलला साखर किती ते विचारलं आणि चहा दिला. तो गेल्यावर कप उचलता उचलता नवऱ्याला म्हणाल्या, "एकदाच करायचं म्हणत होतात ना. होतंय बघा." आणि आत गेल्या. त्यानंतर दोघांचा अबोला सुरू झाला आणि त्या घरातून बोलण्याचा आवाज येईना. एरवी नीताताई फोनवर बोलल्या तरी मला भिंतीपलीकडे भाजीची कृती लिहून घेता येते.

मी मात्र गप्प बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवरून डोकं काढलं आणि विचारलं, "मधुभाऊ, स्वतःच्या बायकोच्या झाडाविरुद्ध कुणी लेखी अर्ज देतं का हो?"

ते स्टुलावर बसले होते. "शिफारशी दहा हव्या होत्या," ते म्हणाले. "नऊच भरत होत्या."

"मग ती दहावी पहिली कशी झाली?"

"परिणामकारकतेच्या क्रमाने लावल्या ना."

मला त्यांचा इतका राग आला, की हातातली कढीपत्त्याची काडी फेकून मारावीशी वाटली. आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली. हा माणूस खोटं बोलत नव्हता. रिपोर्ट पूर्ण दिसावा एवढ्यासाठीच त्याने ते लिहिलं होतं. कागदावरचं झाड आणि बायकोचं झाड एकच आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी फैसलला फोन केला, झाड राहू द्या म्हणून विनवलं. फैसल म्हणाला, "मालक कागद मानतात, मिस्टर मधु. इंजिनिअरने लिहून दिलंय झाड काढा. आता मी काय सांगू, इंजिनिअरची बायको रागावली?"

फोन ठेवून मधुभाऊ बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिले. मग ग्रुपवर नोटीस आली: येत्या शुक्रवारी इमर्जन्सी शटडाऊन. मे महिना होता. मेमध्ये इथे सकाळी सातला उन्हात उभं राहणारा माणूस एक तर मजूर असतो, नाहीतर त्याचं काही फार बिघडलेलं असतं. मधुभाऊ आणि महमूदभाई पहाटे पाचला कामाला लागले, परवाना भरून. मलाही साक्षीदार म्हणून सही करायला लावली.

त्यांनी झाडाभोवतालच्या फळ्या उचकटल्या. खाली फरशी. फरशी फोडली. खाली खडी, आणि खडीत जे काही साचलं होतं त्याचं वर्णन करत नाही. खडी उपसली. खाली प्लॅस्टिकचं गवत. अकरा वर्षांत दर वेळी कायमचं केलेलं सगळं एकावर एक तिथे शाबूत होतं. गवत ओढलं तेव्हा कुठे माती लागली. मुळांनी ते गवत खालून फुग्यासारखं उचललं होतं. महमूदभाई खाली बसले, मूठभर माती हातात घेतली आणि म्हणाले, "बिचारा. कसा जगला असेल?"

मग मधुभाऊ घरातून दोन वस्तू घेऊन आले. एक तापमान मोजायची बंदूक, प्लांटवर असते तशी. दुपारी उघड्यावरच्या फळीचं तापमान भरलं अडुसष्ट, झाडाखालच्या मातीचं एकोणचाळीस. दुसरी वस्तू म्हणजे एक जाड वही. अकरा वर्षं दर शुक्रवारी झाडलेली पानं पिशवीत भरून, वजनकाट्याला लटकवून, त्यांनी वजन लिहून ठेवलं होतं. झाडाविरुद्धचा पुरावा होता तो. आजवर त्याची सरासरी काढायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण निकाल ठरलेलाच होता. आता काढली. आठवड्याला आठशे नव्वद ग्रॅम.

"एवढंच?" मी म्हणाले.

मधुभाऊंनी बेरीज पुन्हा केली. तीच आली. किलोभरसुद्धा नाही अशा पानांसाठी त्यांनी अकरा वर्षांचे शुक्रवार घातले होते. ते स्टुलावर जाऊन बसले, परवाना न भरता. नीताताई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पन्ह्याचा पेला आणून दिला आणि दोन आठवड्यांचा अबोला संपला.

नव्या रिपोर्टवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: रिव्हिजन वन. पहिली शिफारस, झाड ठेवावे. दुसरी, झाडाभोवती दोन मीटर गोल माती मोकळी सोडून कडेला दगड लावावेत. तिसरी, पाने उचलू नयेत. चौथी नव्हतीच. शेवटी एक ओळ: मूळ सूचना, महमूदभाई, श्रीवर्धन. ती वाचून दाखवल्यावर महमूदभाई म्हणाले, "साहेब, अकरा वर्सं मी ताच बोलतो ना?"

"हो, पण तुम्ही लेखी दिलं नव्हतं," मधुभाऊ म्हणाले. तेही अगदी मनापासून.

जूनच्या सुरुवातीला फैसलला भर दुपारी बोलावलं. मधुभाऊंनी त्याला आधी उरलेल्या फळ्यांवर उभं करून तापमानाचे आकडे समजावून सांगितले, मुद्दाम सावकाश. फैसल पातळ चपला घालून आला होता. तिसऱ्या आकड्याला तो "यल्ला, यल्ला" करत पळत झाडाखाली गेला आणि तिथून हलेना. रिपोर्ट त्याने तिथेच चाळला. "मालकांना देतो," तो म्हणाला. "इन्शाल्ला." या शब्दाचा अर्थ मी सतरा वर्षांत बोलणाऱ्याचा चेहरा पाहून लावायला शिकले आहे. फैसलच्या चेहऱ्यावर फक्त घाम होता.

जूनअखेर गायधनी गेले. टॅक्सी उभी असताना नीताताई मागच्या अंगणात एक चक्कर मारून आल्या. मला वाटलं झाडाला मिठीबिठी मारणार. "काटे आहेत गं," त्या म्हणाल्या. मग माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तोडायला आले तर मला फोन नको करूस. नंतर सावकाश सांग." मला रडू आलं, आणि मला रडू आलेलं अजिबात आवडत नाही.

सप्टेंबरात कामगार आले. सात अंगणांत सिमेंटचे ठोकळे बसले, माझ्याही. माझं अंगण आता इतकं बिनकटकटीचं आहे, की दुपारी मी तिकडे फिरकतच नाही. आठव्या अंगणाची पाळी आली त्या दिवशी मी शाळेला दांडी मारली आणि भिंतीशी उभी राहिले. मुकादम बाबू करवत घेऊन आत शिरला तशी मी हिंदीत ओरडले, "झाडाचं काय करणार आहात?" तो दचकला. म्हणाला, "मॅडम, ही करवत सिमेंटच्या साच्याच्या फळ्या कापायला आहे." त्याने खिशातून कागद काढून दाखवला. मधुभाऊंच्या हातचं चित्र, मधे झाड, भोवती वर्तुळ, दोन मीटर, आणि खाली मालकाच्या ऑफिसचा मंजुरीचा शिक्का. त्याच क्षणी मी नीताताईंना फोन लावला. सावकाश सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

व्हिलात नवे भाडेकरू आले, आफताब आणि नजमा, दापोलीचे, आठ महिन्यांच्या अलिनाला घेऊन. रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी मी बिचकतच विचारलं, की दरवर्षी इथे बाळांना आणतो, चालेल का? नजमाने मागचं दार सताड उघडलं. महमूदभाईंनी चादर धरली. तीन बाळं झाल्यावर नजमा हळूच म्हणाली, "आमच्या अलिनालाही बसवू का?" मी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. नीताताई स्क्रीनवरून ओरडत होत्या, "डोक्यावर नको गं, खांद्यावरून ओत! हिचं नाव काय म्हणालीस? थांब, लिहून घेते."

मग फोन मधुभाऊंनी घेतला. मी कॅमेरा खाली फिरवला. मातीभर चुरमुरे, बोरं, पानं, चॉकलेटचे कागद.

"हे सगळं आवरणार कोण?" त्यांनी विचारलं.

"कागद मी उचलीन. बाकीचं कुणी नाही. रिव्हिजन वन, शिफारस तीन."

ते हसले. मला त्यांना आणखी थोडं चिडवायचं होतं, म्हणून म्हटलं, "तुमचं बरं आहे आता. सहावा मजला, अंगण नाही, कटकट नाही. झालं एकदाचं कायमचं."

त्यांनी फोन फिरवून मला त्यांची गॅलरी दाखवली. चहूबाजूंनी काच, खाली स्वच्छ पांढरी फरशी, कोपऱ्यात उभा केलेला झाडू, आणि त्याच्या शेजारी खिळ्याला अडकवलेला तो वजनाचा काटा.

"आसावरी," ते म्हणाले, "इथे काहीच पडत नाही हो."